ग्रिंडेलवाल्डच्या खोऱ्यातून फाउलहॉर्नच्या माथ्यावर: सायकल आणि पायवाट यांची नवख्यांसाठी वाटचाल

स्वित्झर्लंडला जाणारा मराठी प्रवासी बहुधा इंटरलाकेनमध्ये उतरतो, युंगफ्राऊयोखला जाऊन बर्फात फोटो काढतो आणि संध्याकाळच्या बसने पुढच्या गावाला निघतो. ३४५४ मीटर उंचीवरच्या त्या स्थानकापर्यंत १९१२ साली डोंगराच्या पोटातून रेल्वे नेली, हे काम थोरच आहे. परंतु ज्याने सह्याद्रीत एखादा गड स्वतःच्या पायांनी चढला आहे, त्याला डब्यात बसून गाठलेल्या उंचीने समाधान होत नाही. त्याच डोंगरांच्या पायथ्याशी असलेले ग्रिंडेलवाल्डचे खोरे अशा माणसासाठी आहे. तेथे तीन-चार दिवस मुक्काम करून, खालचा रुंद रस्ता सायकलने आणि वरची अरुंद वाट पायी, अशा रीतीने २६८१ मीटर उंचीच्या फाउलहॉर्न शिखरावर कसे जावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. दोर, बर्फातली कुऱ्हाड किंवा गिर्यारोहणाचे प्रशिक्षण यांपैकी कशाचीही गरज नाही. गरज आहे ती दमाची, पूर्वतयारीची आणि वेळेवर मागे फिरण्याच्या तयारीची.

ग्रिंडेलवाल्ड गाव १०३४ मीटरवर आहे. तेथून फाउलहॉर्नचा माथा १६४७ मीटर वर आहे, म्हणजे समुद्राच्या पातळीपासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत जेवढी उंची आहे, जवळजवळ तेवढीच. हा आकडा मनात धरून ठेवावा, कारण नकाशावर हे अंतर किरकोळ दिसते आणि त्यावरूनच पुष्कळांचा अंदाज चुकतो.

आधी खोरे समजून घ्यावे

गावात उभे राहून दक्षिणेकडे तोंड केले, की डावीकडून उजवीकडे वेटरहॉर्न, मागे सरलेला श्रेकहॉर्न आणि अगदी अंगावर आल्यासारखा आयगर दिसतो. आयगर ३९६७ मीटर उंच आहे आणि त्याची उत्तरेकडची, सुमारे १८०० मीटर उंचीची काळी भिंत सरळ या खोऱ्यात उतरते. त्या भिंतीवरून पहिली यशस्वी चढाई १९३८ साली झाली. ही बाजू कसलेल्या गिर्यारोहकांची आहे. आपले काम तिच्या समोरच्या, म्हणजे खोऱ्याच्या उत्तरेकडच्या उताराशी आहे. हा उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे त्यावर ऊन भरपूर पडते, बर्फ तुलनेने लवकर वितळतो, गुरांची कुरणे वरपर्यंत गेलेली आहेत आणि चालताना समोर सतत हिमशिखरांची रांग दिसत राहते. नवख्याने याच बाजूला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तीन नावे नीट ओळखून घ्यावीत. खोऱ्याच्या पूर्व टोकाला १९६२ मीटरवर ग्रोसे शायडेग ही खिंड आहे. तिच्या पलीकडे रोसेनलाउईमार्गे माइरिंगेन गावाकडे रस्ता उतरतो. ‘शायडेग’ म्हणजे पाण्याचे दोन बाजूंना वाटप करणारी धार, आपल्या भाषेत पाणलोटाची खिंड. गावाच्या वर २१६६ मीटरवर फिर्स्ट हे ठिकाण आहे. या नावाचा इंग्रजीतल्या ‘पहिला’ या शब्दाशी काही संबंध नाही. जर्मन भाषेत घराच्या छपराच्या आढ्याला ‘फिर्स्ट’ म्हणतात, आणि ती जागा खरोखरच आढ्यासारखी आहे. फिर्स्टच्या पुढे २२६५ मीटरवर बाखआल्पझे हे तळे आहे आणि त्याच्याही वर फाउलहॉर्न. जर्मन ‘फाउल’चा अर्थ कुजका, या डोंगराचा खडक ठिसूळ असून त्याचे सतत तुकडे पडत असतात. सह्याद्रीतला माणूस ज्याला घसारा म्हणतो, तो येथे शेवटच्या चढावर पायाखाली लागतो.

कधी जावे

जुलैचा पहिला आठवडा ते सप्टेंबरअखेर हा काळ योग्य. जूनमध्ये गाव हिरवेगार झालेले असते म्हणून माणूस फसतो. वर तळ्याच्या पुढे आडव्या वाटांवर बर्फाचे पट्टे राहिलेले असतात आणि अशा घट्ट, उतरत्या बर्फावरून साध्या बुटांनी चालणे धोक्याचे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस मोठा असतो, पण दुपारनंतर गडगडाटी वादळे येतात. माझी पसंती सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला आहे: हवा अधिक स्थिर असते, गर्दी ओसरलेली असते आणि गुरे अजून कुरणांवर असतात. मात्र तेव्हा दिवस लहान होऊ लागतो आणि एखाद्या रात्री वर बर्फही पडू शकतो, हे लक्षात घेऊन बेत करावा. आपल्याकडे पावसाळा हा डोंगरात भटकण्याचा लाडका काळ आहे; आल्प्सच्या बाबतीत ही सवय सोडून द्यावी. तेथे पावसाळी दिवशी माथ्यावर जाऊ नये.

घरून निघण्यापूर्वी

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. परंतु त्या विम्याच्या बारीक अक्षरांत ‘डोंगरातील पदभ्रमण’ आणि ‘सायकल’ वगळलेले नाहीत ना, किती मीटर उंचीपर्यंत संरक्षण आहे आणि हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे तिन्ही प्रश्न विमा घेण्यापूर्वी लेखी विचारावेत. आल्प्समध्ये घोटा मुरगळलेल्या माणसालाही अनेकदा हेलिकॉप्टरनेच खाली आणावे लागते, आणि तो खर्च पर्यटकाच्या खिशातून जातो.

शरीराची तयारी किमान दोन महिने आधी सुरू करावी. पुण्याच्या सायकलस्वारांना सिंहगडाचा घाटरस्ता ठाऊक आहे. ग्रोसे शायडेगचा चढ त्याच जातीचा, पण त्याहून लांब आहे. सिंहगड न उतरता, म्हणजे पाय जमिनीला न लावता चढणे जमले पाहिजे असे नाही, परंतु चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी तीन-चार तास चालता आले पाहिजे. चालण्याच्या तयारीसाठी कळसूबाई किंवा राजगड एका दिवसात करून यावे आणि उतरताना गुडघे कितपत साथ देतात, हे पाहावे. फाउलहॉर्नवर चढण्यापेक्षा उतरण्यानेच पाय अधिक थकतात.

सामानाविषयी थोडक्यात. घोट्याला आधार देणारे, खाचदार तळव्याचे बूट घ्यावेत आणि ते भारतातच शंभरएक किलोमीटर चालून मऊ करून न्यावेत. नवे कोरे बूट विमानतळावर घालून निघणे म्हणजे पायांना फोड येणार हे नक्की. कपडे एकावर एक घालता येतील असे हवेत: घाम शोषून लवकर वाळणारा शर्ट, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे जाकीट. उंची शंभर मीटरने वाढली, की तापमान साधारण ०.६ अंशांनी घटते. म्हणजे गावात वीस अंश असताना फाउलहॉर्नवर दहाच्या आसपास असतील, आणि वारा सुटला तर त्याहून कमी भासतील. सुती जीन्स घालू नये, कारण ती भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेते. पातळ हातमोजे, कानटोपी, काळा चष्मा आणि उन्हाचे मलम हे उन्हाळ्यातही पाठपिशवीत असावे. त्या थंड हवेत ऊन जाणवत नाही, पण उंचीबरोबर अतिनील किरणे वाढत जातात आणि सावळी त्वचाही भाजते.

खाण्याचे पदार्थ नेताना एक नियम पाळावा लागतो: युरोपबाहेरून मांस आणि दूध यांचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये आणण्यास बंदी आहे. त्यामुळे खव्याच्या वड्या, पेढे, पनीर घरीच ठेवावे. शेंगदाणा-गुळाची चिक्की, तिळाच्या वड्या, खजूर, सुकी चटणी चालते आणि चढावर तीच सर्वांत उपयोगी पडते. बाकी पाव, फळे आणि चीज गावातल्या दुकानातून घ्यावे; डोंगरावरच्या उपाहारगृहातले जेवण खिशाला जड जाते.

गावात कसे पोहोचावे

झुरिक विमानतळावरून बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्ट स्थानकापर्यंत रेल्वे आहे. तेथून ग्रिंडेलवाल्डची डोंगरी गाडी सुमारे पस्तीस मिनिटांत पोहोचते. या गाडीत बसताना एक काळजी घ्यावी. त्स्वाइल्युचिनेन स्थानकावर गाडीचे दोन भाग होतात. एक भाग लाउटरब्रुनेनला जातो आणि दुसरा ग्रिंडेलवाल्डला. कोणता डबा कुठे जाणार हे फलाटावरच्या पाटीवर आणि डब्याच्या बाजूला लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय चढू नये, नाहीतर सामान एका खोऱ्यात आणि माणसे दुसऱ्या खोऱ्यात, असा प्रसंग ओढवतो.

भारतातून स्वतःची सायकल नेण्याचा खटाटोप नवख्याने करू नये. गावात भाड्याने उत्तम सायकली मिळतात, आणि तेथील उतारांना लागणारे डिस्क ब्रेक व हलके गिअर त्यांना असतातच.

पहिला दिवस: फक्त चालणे, आणि पाट्या वाचायला शिकणे

विमानाच्या प्रवासानंतर पहिल्याच दिवशी मोठा चढ घेऊ नये. ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल स्थानकातून रोपवेने मेनलिखेनला जावे. वरच्या स्थानकापासून २३४३ मीटरच्या मेनलिखेन माथ्यावर अर्ध्या तासात जाऊन येता येते. तेथून क्लायने शायडेगपर्यंत, म्हणजे २०६१ मीटरवरच्या दुसऱ्या खिंडीपर्यंत, साडेचार किलोमीटरच्या आसपास उतरती, रुंद वाट आहे आणि ती दीड तासात होते. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरे सबंध वाटेवर समोर असतात. परतीला रेल्वे आहे. लहान मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असतील, तर त्यांनाही ही वाट झेपते.

या दिवसाचा खरा उपयोग पाट्या वाचायला शिकण्यासाठी करावा. स्वित्झर्लंडमध्ये पदभ्रमणाच्या वाटा ६५,००० किलोमीटरांहून अधिक आहेत आणि सर्वत्र खुणांची पद्धत एकच आहे. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. पिवळ्या पाटीच्या टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल, तर ती डोंगरी वाट: चढ तीव्र, वाट अरुंद, काही ठिकाणी एका बाजूला खोल उतार, आणि पायांत भक्कम बूट हवेच. हाच पट्टा पुढे खडकांवर आणि झाडांवर रंगवलेला दिसतो. निळी पाटी आणि पांढरा-निळा-पांढरा पट्टा म्हणजे उच्च पर्वतीय वाट; तिच्यावर हिमनदी, दोर किंवा हातांनी चढण्याचे खडक येऊ शकतात. नवख्याने निळ्या पाटीच्या वाटेला लागू नये. सायकलचे मार्ग तपकिरी-लाल पाट्यांवर दाखवलेले असतात.

खांबाजवळ उभे राहून पाटी सावकाश वाचावी. मधल्या पांढऱ्या पट्टीवर तुम्ही उभे आहात त्या जागेचे नाव आणि उंची असते. बाणांवर पुढची ठिकाणे आणि तेथवर लागणारा वेळ. अंतर लिहिलेले नसते, वेळ लिहिलेला असतो, हे आपल्याला प्रथम विचित्र वाटते. पण डोंगरात किलोमीटर काहीच सांगत नाहीत. वेळ सगळे सांगतो. हा वेळ सपाटीवर ताशी सव्वाचार किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्या माणसाचा असून त्यात थांबण्याचा वेळ धरलेला नसतो. म्हणून पहिल्या दिवशी घड्याळ लावून पाहावे: पाटीवर दीड तास लिहिले असताना तुम्हाला, फोटो आणि पाणी धरून, दोन तास लागले, तर तुमचे प्रमाण चार तृतीयांश झाले. पुढच्या सगळ्या पाट्यांचा वेळ याच प्रमाणात वाढवून वाचावा. हा हिशेब पुढे अतिशय उपयोगी पडतो, आणि तो स्वतःच्याच पायांनी काढावा लागतो.

स्विसटोपो या सरकारी नकाशासंस्थेचे ॲप मोबाईलवर उतरवून घ्यावे आणि या भागाचा नकाशा इंटरनेटशिवाय दिसेल असा साठवून ठेवावा. हवामानासाठी मिटिओस्विस या सरकारी खात्याचे ॲप पाहावे.

दुसरा दिवस: सायकलची ओळख आणि ग्रोसे शायडेगची खिंड

सायकल घेताना घाई करू नये. सीटची उंची अशी लावून घ्यावी, की टाच खालच्या पेडलवर ठेवली असता पाय सरळ होईल. दोन्ही ब्रेक दाबून, सायकल पुढे-मागे हलवून पाहावी. त्यानंतर ती गोष्ट तपासावी, जिच्याविषयी भारतातून आलेल्या माणसाला कोणी आपण होऊन सांगत नाही: आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो, तर युरोपात पुढच्या चाकाचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो. मी हे न तपासता पहिल्याच उतारावर सवयीने डावा ब्रेक जोरात दाबला, तेव्हा पुढचे चाक अडून मागचे उचलले गेले. वेग कमी होता म्हणून केवळ कोपर खरचटण्यावर निभावले. दुकानासमोरच्या सपाट जागेत सायकल हळू चालवत डावा आणि उजवा ब्रेक आळीपाळीने दाबून पाहावा, आणि हाताला नवी सवय लागेपर्यंत दहा मिनिटे तेथेच घालवावीत. तसेच वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने असते. सरळ रस्त्यावर हे लक्षात राहते. चूक होते ती थांबून फोटो काढल्यावर पुन्हा निघताना. अशा प्रत्येक वेळी ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणावे.

विजेवर चालणारी सायकल घ्यावी की साधी, हा प्रश्न सर्वांना पडतो. माझा सल्ला असा, की ज्यांना दुसऱ्या दिवशी शिखरापर्यंत चालायचे आहे आणि ज्यांनी घाटात नियमित सायकल चालवलेली नाही, त्यांनी विजेची सायकल निःसंकोच घ्यावी. ती पेडल मारल्याशिवाय चालत नाही, ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंतच साहाय्य करते, आणि चढावर श्रम वाचले तरी घाम येतोच. तिचा दिवा दिवसाही चालू ठेवणे २०२२ पासून बंधनकारक आहे. मात्र ती जड असते, त्यामुळे उतारावर थांबायला जास्त अंतर लागते. हेल्मेट साध्या सायकलसाठी सक्तीचे नसले, तरी ते घातल्याशिवाय पेडलवर पाय ठेवू नये.

गावातून पूर्वेकडे निघाल्यावर हॉटेल वेटरहॉर्नपर्यंत मोटारी असतात. त्याच्या पुढे खासगी मोटारींना बंदी आहे आणि रस्ता सायकली, चालणारी माणसे, शेतकऱ्यांची वाहने आणि बस यांचाच राहतो. सबंध चढ दहा-अकरा किलोमीटरांत सुमारे ९३० मीटरचा आहे, म्हणजे सरासरी शंभरास नऊच्या आसपास, आणि काही वळणांवर त्याहून बराच अधिक. पहिल्या अर्ध्या तासात दम राखून चालवावी. बाजूच्या माणसाशी वाक्य पूर्ण बोलता येईल एवढाच वेग ठेवावा. शब्द तुटू लागले, की गिअर हलका करावा. हॉटेल वेटरहॉर्नजवळ थोडे थांबून वर पाहावे: १९०८ साली येथून वेटरहॉर्नच्या कड्यावर स्वित्झर्लंडमधला प्रवाशांसाठीचा पहिला रोपवे चालू झाला होता, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला तो बंद पडला. त्या सरळ कड्याकडे पाहिल्यावर त्या काळच्या लोकांच्या धाडसाविषयी आदरच वाटतो.

या रस्त्यावर दोन गोष्टींची सवय करावी लागते. पहिली बस. वळणाआधी ती तीन सुरांचा भोंगा वाजवते. तो रोसिनीच्या ‘विल्हेल्म टेल’ या संगीतनाट्याच्या सुरावटीतून घेतलेला आहे आणि कानाला गोड लागतो, पण त्याचा अर्थ बाजूला व्हा असाच आहे. आवाज येताच सायकलवरून उतरून कडेला उभे राहावे. दुसरी गोष्ट गुरांची जाळी. गुरे एका कुरणातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून रस्त्यात खड्डा करून त्यावर लोखंडी नळ्या आडव्या बसवलेल्या असतात. त्यावरून सायकल अगदी सरळ रेषेत, हँडल न वळवता आणि त्या क्षणी ब्रेक न दाबता न्यावी. सकाळी दवाने किंवा पावसाने नळ्या ओल्या असतील, तर तिरके चाक साबणावरून घसरावे तसे घसरते. नवख्याने ओल्या जाळीजवळ उतरून, बाजूच्या छोट्या फाटकातून सायकल ढकलत न्यावी आणि फाटक पुन्हा लावावे.

साध्या सायकलने दोन-अडीच तासांत, विजेच्या सायकलने सव्वा-दीड तासात खिंड येते. तेथे वेटरहॉर्नची भिंत डोक्यावर असते. उतरण्यापूर्वी जाकीट आणि हातमोजे चढवावेत, कारण घामेजलेले अंग उतारावरच्या वाऱ्याने गार पडते आणि गारठलेली बोटे ब्रेक नीट दाबू शकत नाहीत. ब्रेक सतत घासत ठेवू नयेत. त्याने चकती तापते आणि ब्रेकची पकड सुटते. वळणापूर्वी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र, ठाम दाबून वेग उतरवावा आणि मग सोडून द्यावेत. या दिवशी एवढेच करून परतावे.

तिसरा दिवस: सायकल, तळे आणि माथा

हवामानाचा अंदाज आदल्या रात्री आणि पुन्हा पहाटे पाहावा. दुपारी गडगडाटाची शक्यता दाखवली असेल, तर बेत पुढे ढकलावा. म्हणूनच मुक्कामात एक दिवस मोकळा राखायला हवा. हवा चांगली असेल तर सकाळी सातला निघावे. कालच्या ओळखीच्या रस्त्याने ग्रोसे शायडेगला नऊच्या आत-बाहेर पोहोचता येते. खिंडीतून डावीकडे, पश्चिमेला, फिर्स्टकडे जाणारा कुरणांतला रस्ता लागतो. तो आधी डांबरी आणि पुढे खडीचा आहे, चढ-उतार सौम्य आहेत, आणि उंचीत दोनशे मीटरांचीच भर पडते. येथे चालणारी माणसे बरीच असतात आणि वाटेवर पहिला हक्क त्यांचा असतो. दुरून घंटी वाजवावी, वेग चालण्याइतका करावा आणि जवळून जाताना ‘ग्र्युएसेख’ म्हणावे. बर्नच्या मुलखात नमस्कार असाच करतात, आणि परक्या माणसाच्या तोंडून तो ऐकला की समोरच्याचा चेहरा खुलतो.

फिर्स्टला सायकल कुलूप लावून ठेवावी. पुढची वाट पायांची आहे. फिर्स्ट ते बाखआल्पझे तासाभराची, रुंद आणि सोपी वाट आहे. सकाळी वारा नसेल तर तळ्याच्या पाण्यात श्रेकहॉर्न आणि त्याच्यामागचा ४२७४ मीटर उंच फिन्स्टरआरहॉर्न, म्हणजे बर्नच्या आल्प्समधले सर्वांत उंच शिखर, उलटे दिसतात. दुपारी वारा सुटला की पाणी चुरगळते आणि हे दृश्य नाहीसे होते. रोपवेने येणारी बहुतेक माणसे येथूनच परततात. तळ्याच्या पुढे वाट चढू लागते, गर्दी विरळ होते आणि गवतातून मार्मोट या खारीच्या कुळातल्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याची शीळ ऐकू येते.

तळ्यापासून माथा सुमारे चारशे मीटर वर आणि पाटीप्रमाणे सव्वा ते दीड तासावर आहे. गवत संपून काळपट, ठिसूळ खडकाचा चुरा सुरू होतो. येथे पावले आखूड टाकावीत, सबंध तळवा टेकवावा, आणि काठ्या असतील तर त्या वापराव्यात. २५०० मीटरच्या वर काहींना विरळ हवेचा त्रास होतो: डोके दुखते, मळमळते, पाय जड होतात. सौम्य त्रास पाणी आणि विश्रांतीने थांबतो. वाढू लागला तर खाली उतरणे हाच उपाय आहे, आणि बरोबरच्या माणसाला एकटे पाठवू नये.

माथ्याजवळ एक जुने डोंगरी विश्रामगृह आहे. ते १८३० च्या सुमारास बांधले गेले, आणि त्या काळी सामान व पाहुणे खेचरांच्या, घोड्यांच्या पाठीवरून वर येत. एका बाजूला हिमशिखरांची संपूर्ण रांग आणि दुसऱ्या बाजूला, दोन हजार मीटरांहून खाली, ब्रिएन्झ सरोवराचे हिरवे-निळे पाणी. ही दोन्ही दृश्ये एकाच जागेवरून दिसतात. उन्हाळ्याच्या हंगामात येथे राहण्याची सोय असते, मात्र जागा फार आधी राखून ठेवावी लागते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. दुपारी एक वाजता तुम्ही जेथे असाल, तेथून मागे फिरायचे. माथा वीस मिनिटांवर दिसत असला, तरीही. हा नियम आदल्या रात्री सोबत्यांसमोर बोलून ठरवावा, कारण वर पोहोचण्याच्या ओढीत ठरवलेले सगळे विसरले जाते. माथ्यावरून फिर्स्टपर्यंत उतरायला पावणेदोन-दोन तास, तेथून सायकलने खिंड आणि मग सबंध घाट; एक वाजता वळलेला माणूस पाच वाजेपर्यंत आरामात गावात पोहोचतो आणि वाटेत एखादे चाक पंक्चर झाले तरी उजेड असतो. फिर्स्टहून श्रेकफेल्ड व बोर्टमार्गे थेट गावाकडे उतरणारा रस्ताही आहे, पण तो तीव्र असून त्यावर भाड्याच्या गाड्या आणि स्कूटरसायकली वेगाने येत असतात. थकलेल्या नवख्याने आल्या वाटेनेच परतावे.

गुरे, पाणी आणि संकट

वाट कुरणांतून जाते आणि कुरणे शेतकऱ्यांची रोजीरोटी आहेत. वासरू बरोबर असलेली गाय आपल्या गावच्या गायीइतकी शांत असेल असे समजू नये. वासराला हात लावू नये, मध्ये जाऊ नये, लांबून वळसा घालावा. विजेच्या कुंपणाला प्लॅस्टिकची मूठ असते. ती धरून तार काढावी, पार व्हावे आणि पुन्हा अडकवावी. गावातल्या लाकडी हौदांत पडणारे झऱ्याचे पाणी सहसा पिण्याजोगे असते. ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी दिसली तर ते पिऊ नये. कुरणातल्या ओढ्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले, तरी वर गुरे असतात, हे विसरू नये.

वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. त्यांना तीनाने भागले की वादळाचे अंतर किलोमीटरांत मिळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर धार आणि माथा ताबडतोब सोडावा, एकट्या झाडाखाली उभे राहू नये, सायकल आणि धातूच्या काठ्या बाजूला ठेवाव्यात आणि पाय जुळवून खोलगट जागी उकिडवे बसावे.

अपघात झाल्यास हेलिकॉप्टरने सुटका करणाऱ्या रेगा या संस्थेचा क्रमांक १४१४ आहे. रुग्णवाहिकेसाठी १४४ आणि सर्वसाधारण संकटासाठी ११२. स्विसटोपोच्या नकाशावर तुमच्या जागेचे आकडे दिसतात, ते वाचून सांगावेत. मोबाईलला रेंज नसेल, तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी वाजवावी किंवा विजेरी दाखवावी, मग एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तेच करावे. मिनिटाला तीन वेळा उत्तर आले, तर तुमची हाक पोहोचली असे समजावे. हेलिकॉप्टर दिसल्यावर मदत हवी असेल तर दोन्ही हात वर तिरके पसरून उभे राहावे. गंमत म्हणून किंवा आनंदाने हेलिकॉप्टरकडे पाहून दोन्ही हात हलवू नयेत. वैमानिक त्याचा अर्थ ‘येथे उतरा’ असाच घेतो.

ज्यांना सायकल नको, किंवा आणखी चालायचे आहे

सायकलची सवयच नसेल, तर बसने ग्रोसे शायडेगला जाऊन फिर्स्टपर्यंत दीड तास चालत यावे आणि रोपवेने खाली उतरावे. शेवटच्या पाळण्याची वेळ ऋतूनुसार बदलते. ती सकाळीच फलकावरून टिपून घ्यावी. उलटपक्षी, फाउलहॉर्न सहज जमला, तर एक दिवस शिनिगे प्लाटेचा घ्यावा. इंटरलाकेनजवळच्या विल्डर्सविलहून तेथे १८९३ पासून दातेरी रुळांची रेल्वे जाते. शिनिगे प्लाटेपासून फाउलहॉर्नमार्गे फिर्स्टपर्यंत धारेची वाट सुमारे सोळा किलोमीटरची, पाटीप्रमाणे सहा तासांची आहे, आणि पाणी वाटेत फार थोड्या ठिकाणी मिळते. पहिल्या गाडीनेच वर जावे, माणशी दोन लिटर पाणी न्यावे, आणि पहिल्या दिवशी मेनलिखेनच्या वाटेवर काढलेले आपले प्रमाण या सहा तासांना लावून पाहावे. उत्तर आठ तासांच्या पुढे जात असेल आणि फिर्स्टचा शेवटचा पाळणा त्याआधी सुटत असेल, तर ही वाट पुढच्या खेपेसाठी ठेवावी.